हसू परत येते : दिवसाला १ मिलिमीटर

आरशासमोर उभे राहा. एक डोळा मिटा, गाल फुगवा, मग हसा. या स्नायूंना मेंदूचा हुकूम पोचविते ती मेंदूतून निघणाऱ्या १२ चेतांच्या जोड्यांपैकी सातवी. हुकूम धावतो सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने!

तिची शेजारीण आठवी चेता. ऐकणे व तोल सांभाळणे हे तिचे काम. कानामागच्या हाडातील जेमतेम १ सेंटिमीटर लांबीच्या बोगद्यातून दोघी एकत्र जातात. कधी कधी तोलाच्या चेतेच्या वेष्टनावर गाठ येते. ती कर्करोगाची नसते, सावकाश वाढते. पण मोठी झाली की मेंदूवर दाब येतो व ती काढावी लागते. तोवर सातवी चेता फितीसारखी चपटी होऊन गाठीला चिकटलेली असते. शल्यविशारद सूक्ष्मदर्शकातून पाहत क्षीण विद्युत्‌प्रवाहाने ती शोधतात. गाल हलला, की चेता सापडली! तरीही काही रोग्यांचा अर्धा चेहरा लुळा पडतो. आपल्याकडे म्हणतात, 'तोंडावरून वारं गेलं.'

मग हसू परत येते का? चेतेला नुसता धक्का बसला असेल, तर काही आठवड्यांत हालचाल सुरू होऊ शकते. आतले तंतू तुटले, पण वेष्टन शाबूत असेल, तर तंतूंना नवे कोंब फुटतात व जुन्या वेष्टनातून पुढे सरकतात. वेग दिवसाला सुमारे १ मिलिमीटर. आता गणित करा. बोगद्यापासून गालापर्यंत अंदाजे १० सेंटिमीटर, म्हणजे १०० दिवस! शिवाय कोंब फुटायला व स्नायू जागे व्हायला वेळ लागतो. आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेली माणसे पाच-सहा महिन्यांनी परततात; हसूही बहुधा तेवढी किंवा त्याहून अधिक वाट पाहायला लावते. चेताच तुटली, तर टोके शिवतात किंवा जिभेची चेता जोडतात. मात्र चेहरा पूर्ववत होत नाही.

काही तंतू वाट चुकतात. मग हसताना डोळा मिटतो. आरशासमोर सावकाश, हलक्या हाताने केलेला सराव येथे उपयोगी पडतो.

डोळा मात्र १०० दिवस थांबू शकत नाही. पापणी मिटत नसल्याने बुबुळ कोरडे पडते, आणि आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत दृष्टीही गमावू शकते. म्हणून दिवसा थेंब घालायचे, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने बंद ठेवायची.

असा अर्धा हसणारा चेहरा दिसला, तर चेष्टा करू नका. आत एक तंतू आजचा आपला १ मिलिमीटर चालत असेल.