गाड्या आल्या, वाटा गेल्या

अटल सेतूला जानेवारी २०२६ मध्ये दोन वर्षं झाली. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावा-शेवा असा २१.८ किलोमीटरचा पूल खुला झाला आणि मुंबईची मोटार अर्ध्या तासाच्या आत रायगडच्या मातीला लागू लागली. मोटरसायकलला मात्र त्या पुलावर पहिल्या दिवसापासून बंदी आहे. बंदीच्या यादीत रिक्षा, ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांच्या पंगतीला आम्हालाही बसवलंय. वाऱ्याचं आणि वेगाचं कारण देतात, ते खोटं नाही. वाशीवरून वळसा घालून यायची आम्हाला सवय आहे, त्याचंही काही नाही. माझं दुखणं निराळंच आहे. त्या पुलावरून शनिवारी सकाळी जी माणसं येतात, त्यांतली बरीचशी जमीन बघायला येतात. ती जी जमीन घेतात, तिच्यातून आमची वाट जाते. म्हणजे जायची.

‘आमची’ म्हणजे अलिबाग, रेवदंडा, रोह्याकडची काही टाळकी. डांबरी सोडून डोंगरात मोटरसायकल घालणं हा ज्यांचा तरुणपणीचा उद्योग होता, ती. आज आमच्या गावच्या शोरूममध्ये खास याच कामासाठी केलेल्या गाड्या उभ्या असतात. जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच, पुढे २१ इंची चाक, शॉकॲब्सॉर्बर असे लांब की खड्डा गिळून टाकावा. अशी गाडी १९९२ साली कुणी दारात आणून लावली असती, तर आम्ही तिची सत्यनारायणाइतकी पूजा घातली असती. आता ती हप्त्यावर मिळते. तिला न्यायचं कुठे, हा प्रश्न उरलाय.

नव्वदच्या आधीचं फारसं सांगण्यासारखं नाही. सत्तरच्या दशकात, जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं तेव्हा, डोंगरात मोटरसायकल जायची ती कामानं. दूधवाल्याची राजदूत, कुणा फॉरेस्टवाल्याची जावा. हौसेनं तिकडे कुणी फिरकत नसे. १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुल्यांनी जिल्ह्याचं रायगड केलं, थळला खताचा कारखाना आला, कारखान्यामागून पगार आले, आणि पगारामागून यामाहा आरएक्स हंड्रेड आली.

ही गाडी डोंगरासाठी केलेली नव्हतीच. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आतबाहेर. तिचा खरा गुण या शेवटच्या आकड्यात होता. दोघांना ती उचलता यायची. ओहोळात अडकली, बांधावरून घसरली, होडीत चढवायची झाली, तर दोन माणसं पुरत. पुढचं मडगार्ड वर घ्यायचं, मागचं स्प्रॉकेट मोठं बसवायचं, मागे बटण टायर, आरसे काढून घरी ठेवायचे. खिशात एक जास्तीचा प्लग, कारण चढावर हळू चालवत राहिलं की टू-टी ऑइलनं प्लग काळा पडायचाच. डिकीत ट्यूबचं सोल्युशन आणि हातपंप, कारण करवंदीचा काटा कुणाची गय करत नाही.

हंगाम ठरलेला होता. भात कापून झालं, शेतं कडक झाली की सुरुवात, आणि होळीनंतर धुरळा नाकात जाईपर्यंत चालू. पावसाळ्यात आम्ही डोंगरात जात नसू. एक तर शेवाळलेल्या जांभ्यावर ब्रेकचा काही उपयोग नसतो. दुसरं म्हणजे आवणाच्या वेळी कुणाच्या बांधावरून चाक घालणं हा आमच्यात गुन्हा होता.

पहाटे रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडायचा, कुंडलिकेच्या दक्षिण काठानं चणेऱ्याकडे जायचं. बिरवाडीचा किल्ला समोर दिसायला लागला की डांबरी सोडायची. आधी गाडीवाट, दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताचा पट्टा. मग वरकस जमीन लागायची, नाचणी-वरीच्या कापलेल्या उतारावरची. त्यावर कातकऱ्यांच्या दळ्या, म्हणजे रानातले कसायचे तुकडे, त्याच्याही वर एखादा धनगरवाडा, आणि मग खिंड. खिंडीच्या अलीकडे मुरूम, चाक निसटून जाईल असा सुटा. पलीकडे समुद्राच्या अंगाला जांभा, पकड चांगली पण पडलात तर गुडघा सोलून काढणारा. चढाला पहिला गिअर, क्लच अर्धा, पायरेस्टवर उभं राहून छाती टाकीवर. उताराला टू-स्ट्रोक इंजिन गाडी धरून ठेवत नाही, म्हणून मागचा ब्रेक आणि देवाचं नाव.

फणसाडचं जंगल आम्ही बाजूला ठेवायचो. जंजिऱ्याच्या नवाबाचं ते शिकारीचं रान १९८६ मध्ये अभयारण्य झालं होतं. तिथे इंजिनाचा आवाज करायचा नाही, हे सांगायला पाटी लागत नव्हती. खिंड उतरताना पद्मदुर्ग दिसायचा, त्याच्या डाव्या हाताला जंजिरा. आगरदांड्याला गाड्या उचलून लाँचवर चढवायच्या, दिघीला उतरायचं. तिथून वेळास, दिवेआगर, शेखाडी. शेखाडी ते श्रीवर्धन या पट्ट्याचे फोटो आता जो तो काढतो. तेव्हा तिथे एका बाजूला डोंगर, एका बाजूला लाटा आणि चाकाखाली जे असेल ते. परत येताना म्हसळा, मांदाड, तळा, घोसाळे, रोहा. मांदाडजवळ कुड्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचे व्यापारी खाडीतून उतरून याच डोंगरांतून घाटावर जात. आम्ही त्यांच्याच वाटा वापरत होतो, एवढा इतिहास आम्हाला कळत होता.

वाटेत माणसं भेटत. इंजिन बंद करून विचारायचं, “मामा, ही वाट कुठं निघते?” उत्तर बहुतेक वेळा असं, “रस्ता खालती हाय, वर कशाला आलाव?” पण पाणी मिळायचं, आणि वाटही. कुंपणाची कवाडी उघडली तर मागच्यानं ती लावायची, हा एकच लेखी नसलेला नियम. गुरं बाहेर पडली तर पुढच्या वेळी त्या वाडीत तोंड दाखवायची सोय नसे.

त्या दशकाचा एक काळा डाग सांगितलाच पाहिजे. १९९३ च्या सुरुवातीला याच दिघी-शेखाडीच्या किनाऱ्यावर मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स उतरवलं गेलं. पुढची काही वर्षं अंधार पडल्यावर त्या भागातून मोटरसायकलचा घोळका गेला की चौकीवर नाव, गाव, कागद. राग यायचा, पण पोलिसांचं चूक नव्हतं. ज्या आडवाटांचं आम्हाला वेड होतं, त्यांचा आडपणाच कुणीतरी वापरला होता.

आणखी एक जुना हिशोब. तेव्हा मुंबई-पुण्याकडचे काही क्लबवाले काशीदला येत, वाळूत दोन गोल मारत, चेनला खारं पाणी लावून घेत आणि संध्याकाळी आम्हाला सुनावत, की खरं रायडिंग लडाखच्या खारदुंगल्याला. मी खारदुंगला नंतर पाहिला. उंच आहे, थंडी आहे, दम लागतो. पण तो रस्ता सीमा सडक संघटना राखते. आमची खिंड राखायला डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईच्या पायांशिवाय दुसरी संघटना नव्हती. हे वाक्य त्या वेळी सुचलं नाही, म्हणून आज लिहून ठेवतो.

आरएक्स हंड्रेडचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. पुढची पंधरा वर्षं कंटाळवाणी. बाजारात सगळीकडे लिटरला किती पळते याचीच चौकशी. कुणी डोलवीला नोकरीला लागलं, कुणी नागोठण्याला, लग्नं झाली. २००० च्या शेवटी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली आणि एकेक वाडी डांबरीला जोडली जाऊ लागली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आजाऱ्याला डोलीत घालून चढ उतरवताना ज्यानं पाहिलंय, तो डांबराला नावं ठेवणार नाही. याच काळात पेण, उरण, पनवेलच्या शेतकऱ्यांनी सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याला, झुंज दिली, सप्टेंबर २००८ मध्ये जनमत घेतलं गेलं, आणि सेझ मागे हटलं. लढाई जिंकली, पण आपल्या खडकाळ वरकसालाही गिऱ्हाईक आहे, हे तेव्हा साऱ्या जिल्ह्याला कळलं.

मग गाड्या आल्या. २०११ मध्ये हिरोची इम्पल्स आली. मापानं बरोबर, पण खपली नाही आणि काही वर्षांत बंद झाली. २०१५ मध्ये सी. एस. संतोष डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, आणि पोरांच्या तोंडी एंड्युरो वगैरे शब्द आले. २०१६ ला हिमालयन, २०१९ ला एक्सपल्स. आम्ही मडगार्ड वर घेऊन, स्प्रॉकेट बदलून साधलेलं जे होतं, ते आता कारखान्यातून येऊ लागलं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या झोपल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पहिल्या दिवसांत झाडं पडून डांबरी रस्ते बंद होते. मोटार हलत नव्हती, आणि मोटरसायकलवाले जुन्या गाडीवाटांनी वळसा घालून पुढे सरकत होते. गावाला दुसरी वाट कशाला लागते, याचं उत्तर त्या आठवड्यात मिळालं होतं. ते कुणी लिहून ठेवलं नाही.

आता आजचं. वाट भिंतीमुळे मरते असं वाटतं, पण ती त्याआधीच अर्धमेली झालेली असते. पायवाट पायांनी जिवंत राहते. वाडीला डांबरी आली की लोक खिंडीतून चालणं सोडतात. दोन पावसाळ्यांत रानमोडी आणि करवंदी वाट झाकून टाकतात. तिसऱ्या वर्षी जमिनीला गिऱ्हाईक येतं, जागेवर वाट दिसत नाही, दस्तात तिचा उल्लेख नसतो. चौथ्या वर्षी जांभ्याचं चिरेबंदी कुंपण, लोखंडी फाटक, आत कॅमेरा. ओरडायला कुणी नसतं. ज्यांना ओरडायचं असतं ते कातकरी. दळीवर जायला आणि सरपणाला त्यांना ती वाट अजूनही लागते, पण त्यांचं ऐकतो कोण? दुसरे आम्ही. आम्ही त्या गावचे नाही.

आणि आमच्या नावानं हल्ली जे येतात, त्यांनी उरलीसुरली पतही घालवली. सायलेन्सर बदललेल्या गाड्यांचे ताफे, एकाच चढावर रील नीट येईपर्यंत पुन्हापुन्हा उकरलेली माती, उघड्या टाकलेल्या कवाड्या, कापणी न झालेल्या भातातून घातलेली चाकं. दीड-पावणेदोनशे किलोची गाडी अडकली की उचलता येत नाही, म्हणून गावकऱ्यांना हाक, आणि वर हातावर शंभराची नोट. फाटक लावणाऱ्या मालकाला गावानं साथ दिली, तर मी गावाला दोष देणार नाही. दोष आधी या ताफ्यांचा आहे.

तरीही काही करता येतं. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो. जागेवर रानमोडी वाढली म्हणून कागदावरची रेषा पुसली जात नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या पाचव्या कलमानुसार, शेतीकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. हा अर्ज आपण रायडरनं करायचा नसतो, ज्याची वहिवाट अडली त्यानं करायचा असतो. पण नकाशाची प्रत काढून देणं, अर्ज लिहून देणं, तारखेला तहसिलात माणूस सोडणं, एवढं मोटरसायकलवाल्याला नक्की जमतं. पुढच्या रविवारी खिंडीत नवं फाटक दिसलं, तर त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढू नका. खालच्या वाडीत जाऊन विचारा ते कधी लागलं, कारण अडथळा झाल्यापासून अर्जाला मुदत फक्त सहा महिन्यांची असते.