बाबूमोशाय मागे राहतो

‘बाबूमोशाय’ ही हाक पडद्यावर ऐकू येण्याआधी कितीतरी वर्षं खऱ्या आयुष्यात मारली जात होती. राज कपूर दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जींना याच नावानं बोलवायचे. ‘अनाडी’ (१९५९) दोघांनी मिळून केला होता, जिव्हाळा मोठा. पुढे एकदा राज कपूर चांगलेच आजारी पडले आणि हृषीदांच्या मनानं धसका घेतला. हा माणूस आपल्यादेखत गेला तर? राज कपूर बरे झाले, पण तो धसका हृषीदांच्या मनातून गेला नाही. त्यातूनच ‘आनंद’ हा सिनेमा उभा राहिला.

हे कळल्यापासून मी ‘आनंद’ वेगळ्या नजरेनं बघतो. आतड्याच्या लिम्फोसार्कोमानं मरणाऱ्या एका हसऱ्या, बडबड्या तरुणाची ही गोष्ट, असं आपण सांगतो. पण सिनेमा सुरू होतो तो डॉक्टर भास्कर बॅनर्जीपासून. त्याच्या पुस्तकाला बक्षीस मिळालंय आणि तो गेलेल्या मित्राबद्दल बोलतोय. आनंद वाचणार नाही, हे आपल्याला तिथेच कळतं. मग दोन तास आपण बघतो ते मागे राहणाऱ्याचं काय होतं ते. आनंद त्याला ‘बाबूमोशाय’ म्हणतो. हृषीदांनी आपली भीती भास्करच्या हवाली केली होती.

आनंदच्या भूमिकेसाठी आधी किशोर कुमारांचं नाव होतं. त्यांचं एका बंगाली आयोजकाशी पैशांवरून बिनसलं होतं. ‘कुणी बंगाली आला तर हाकलून दे,’ असं त्यांनी गुरख्याला बजावलं होतं. नेमके हृषीदा दारात आले आणि गुरख्यानं त्यांनाच पिटाळलं, असा किस्सा सांगतात. भूमिका अखेर गेली राजेश खन्नाकडे. ‘आराधना’नंतर त्याच्या घराबाहेर निर्मात्यांची रीघ होती, तारखा मिळणं मुश्कील. तरी अवघ्या २८ दिवसांत चित्रीकरण उरकलं. छायाचित्रणकार होते आपले जयवंत पाठारे. मुळात हृषीदा संकलक. ‘दो बिघा जमीन’ त्यांनीच जोडलेला. कुठला तुकडा लागेल आणि कुठला नाही, हे त्यांच्या डोक्यात आधीच पक्कं असायचं.

फुग्यांचं गाणं आठवतं? योगेश यांचे शब्द, सलील चौधरींची चाल, मन्ना डेंचा आवाज. ते गाणं नुसतं पार्श्वभूमीला वाजणार होतं. राजेश खन्नानं ते ऐकलं आणि हट्टच धरला, हे पडद्यावर यायलाच हवं. मग जुहूच्या किनाऱ्यावर ते चित्रित झालं. एरवी हा माणूस चोवीस तास कुणाला तरी हसवत असतो. इथे तो एकटाच वाळूवरून चालतो, फुगे सोडून देतो, समोर हसवायला कुणी नसतं. दुर्धर आजाराच्या माणसालाही असा थोडा एकांत लागतो. तो त्याला मिळाला, याचं श्रेय त्या हट्टाला.

आता मेट्रन डिसा. ललिता पवार म्हटलं की खाष्ट सासू, हे समीकरण प्रेक्षकांच्या डोक्यात घट्ट बसलेलं. हृषीदांनी ते ‘अनाडी’तच मोडलं होतं. तिथे त्या तोंडानं फटकळ, मनानं मऊ अशा घरमालकीण झाल्या आणि फिल्मफेअर मिळवून गेल्या. त्या घरमालकिणीचं आडनाव डिसा! राज कपूरवर माया करणारी मिसेस डिसा बारा वर्षांनी दवाखान्यातली मेट्रन होऊन आनंदवर माया करायला आली. ज्या मित्राच्या काळजीतून सिनेमा सुचला, त्याला सिनेमात सांभाळणारी बाई हृषीदांनी पुन्हा बोलावून घेतली, असंच मला वाटतं.

डॉक्टर प्रकाश कुलकर्णी आणि सुमन झाले रमेश देव आणि सीमाताई, खऱ्या आयुष्यातलेही नवरा-बायको. प्रकाश श्रीमंतांच्या काल्पनिक दुखण्यांवर औषधं देतो आणि त्या पैशांवर गरिबांचा इलाज चालवतो. भास्करला हे पटत नाही. तो खरं तेच तोंडावर सांगणारा. सुमन आणि आनंदचा एक प्रसंग मला दर वेळी हलवून सोडतो. या मानलेल्या बहिणीला आशीर्वाद काय द्यावा, याचा आनंद विचार करतो. ‘माझं आयुष्य तुला लाभो’ म्हणायचं तर त्याच्याकडे आयुष्यच शिल्लक नाही. सीमाताईंचा चेहरा त्या वेळी बघा. रडू डोळ्यांपर्यंत येतं आणि तिथेच थांबतं.

शेवटचा प्रसंग भास्कर झालेल्या अमिताभ बच्चनला अवघड जात होता. तो तेव्हा नवखा होता, मेहमूदच्या घरी राहत होता. मेहमूदनं सल्ला दिला, अभिनयाचा विचारच करू नकोस, राजेश खन्ना खरोखर गेलाय असं समज. त्यापुढचं आपण पाहिलं आहे. उपचारांत भाबडेपणा न खपवणारा भास्कर शेवटी होमिओपॅथीचं औषध आणायला धावतो, आणि परत येतो तेव्हा उशीर झालेला असतो. तो चिडून, रडून आनंदला बोलायला सांगतो, आणि फिरत्या टेपवरून आनंदचा आवाज येतो. तो आवाज किती सेकंद थांबवायचा, हे संकलकाचं काम. हृषीदांनी तो इतका थांबवला की आपणही ‘बोल रे’ म्हणायला लागतो.

सिनेमा १२ मार्च १९७१ला लागला. अमिताभनं स्वतः सांगितलंय, त्या दिवशी सकाळी इर्ल्याच्या पंपावर तो पेट्रोल भरायला गेला तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळी गेला तर लोक ओळखायला लागले. मरणाऱ्याइतकाच मागे राहिलेलाही लोकांच्या मनात उतरला होता.

त्या काळी आपल्याकडे आनंदसारख्या रुग्णांसाठी वेगळी जागाच नव्हती. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, मुंबईत वांद्र्याला १९८६मध्ये सुरू झालं. औषधांचा उपयोग संपला तरी वेदना कमी करणं आणि सोबत करणं संपत नाही, हे तिथे रोजचं काम झालं. पडद्यावर ते काम पंधरा वर्षं आधी मित्रांनी आणि एका मेट्रननं केलं होतं.

आम्हाला मात्र घरी अशी सोबत जमत नव्हती. माझ्या आत्याच्या शेवटच्या महिन्यांत आम्ही तिच्या रिपोर्टांची फाईल कपाटावर लपवून ठेवली होती. तिच्यासमोर बोलायचो ते हवापाण्याचं. एके दिवशी ती म्हणाली, ‘अरे, ती फाईल खाली काढ, धूळ बसतेय तिच्यावर.’ तिला सगळं ठाऊक होतं. आम्हीच तिला एकटं पाडलं होतं. फाईल खाली आली आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा आम्ही तिच्याशी मोकळं बोललो. दागिने कुणाला, तुळशीला पाणी कोण घालणार, तिला कशाची भीती वाटते, सगळं.

२०१२मध्ये राजेश खन्ना गेला, तेव्हा त्यानं आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेला निरोप चाहत्यांना ऐकवला गेला. पुन्हा एकदा माणूस गेल्यावर त्याचा आवाज आला. ऐकताना अनेकांना ती टेप आठवली असेल.

राज कपूर १९८८मध्ये गेले. हृषीदांना ज्याची भीती होती ते घडलं आणि बाबूमोशाय पुढची अठरा वर्षं मागे राहिला. पण ‘आनंद’ची अर्पणपत्रिका आठवा. सिनेमा मुंबई शहराला आणि राज कपूरला अर्पण केलेला आहे, आणि तो लागला तेव्हा राज कपूर हयात होते, धडधाकट होते. मित्राबद्दल काय वाटतं ते हृषीदांनी सतरा वर्षं आधी, त्याला ऐकू येत असताना सांगून टाकलं होतं. भास्करला जे जमलं नाही, ते त्याच्या दिग्दर्शकानं वेळेवर केलं.