बेनेली टीएनटी आर : वाईत जोडलेली इटालियन मोटारसायकल

बेनेली टीएनटी आर ही 1,131 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन असलेली नेकेड मोटारसायकल आहे. अशा गाडीला वारा कापणारे फेअरिंग नसते. इंजिन आणि सांगाडा उघडे दिसतात आणि हँडल उंच असल्याने चालक बराचसा ताठ बसतो. पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्सने मार्च 2015 मध्ये ही गाडी भारतात आणली, तेव्हा दिल्लीत तिची एक्स-शोरूम किंमत 11 लाख 81 हजार रुपये होती. सुटे भाग आयात करून सातारा जिल्ह्यातल्या वाईत ते जोडायचे, अशी व्यवस्था होती. कोरियाच्या ह्योसंग मोटारसायकलीही तिथेच जोडल्या जात.

बेनेलीचा जन्म 1911 मध्ये इटलीतल्या पेसारो शहरात झाला. तेरेसा बेनेली या विधवेने सहा मुलांना काम मिळावे म्हणून गॅरेज काढून दिले आणि त्यातूनच कारखाना उभा राहिला. पुढे जपानी गाड्यांच्या लाटेत तो खचला, मालक बदलत गेले आणि 2005 मध्ये चीनच्या चियानजियांग समूहाने तो विकत घेतला. टीएनटी मालिका मात्र त्याच्या आधीची, 2004 ची.

टीएनटी आरचे इंजिन टोर्नाडो या स्पोर्ट्स बाइकच्या 898 सीसी इंजिनावरून घेतले आहे. त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा प्रवास, लांबवून 62 मिलिमीटरवर नेला. हा निर्णय अचूक होता. फेअरिंग नसल्यामुळे वेग वाढला की सगळा वारा चालकाच्या छातीवर येतो, त्यामुळे अशा गाडीला कमाल वेगापेक्षा कमी आरपीएमवरची ओढ अधिक उपयोगी पडते. स्ट्रोक लांबला की दर फेऱ्याला अधिक हवा-इंधन जळते आणि टॉर्क वाढतो. सुमारे 155 हॉर्सपॉवर आणि 120 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क या इंजिनातून मिळतो. तीन पिस्टन 120 अंशांच्या अंतराने बसवलेले असल्याने दर 240 अंशांना एक स्फोट होतो. दोन सिलिंडरची ठोकर आणि चार सिलिंडरचा गुळगुळीतपणा यांच्या मधला हा स्वभाव आहे. तिचा घोगरा, चढत जाणारा आवाज ओळखीच्या कानांना दुरूनच कळतो.

टोर्नाडोत रेडिएटर सीटखाली होता. टीएनटीत त्याचे दोन भाग करून ते टाकीच्या दोन्ही बाजूंना बसवले आहेत. त्यामुळे गाडीला रुंद खांद्यांचा, वेगळाच चेहरा मिळाला. पण संथ रहदारीत रेडिएटरच्या पंख्यांची गरम हवा चालकाच्या पायांजवळ येते. विदर्भाच्या मे महिन्यात ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही.

विदर्भातल्या वाशिम जिल्ह्यासारख्या भागात या गाडीची दुसरी अडचण रस्त्याची आहे. कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग हा जिल्ह्यातला सर्वांत वेगवान रस्ता, पण त्यावर दुचाकींना बंदी आहे. वाशिमच्या एमएच-37 क्रमांकाची मोटारसायकल, मग ती कितीही मोठी असो, अकोला–वाशिम–हिंगोली या राष्ट्रीय महामार्ग 161 सारख्या रस्त्यांवरूनच धावणार. सोयाबीनच्या ट्रॉल्या आणि एसटीच्या गाड्यांमधून वाट काढताना हीच कमी आरपीएमची ओढ कामी येते, कारण गिअर न बदलताही गाडी पुढे काढता येते.

खरा कस सर्व्हिसिंगचा लागतो. बेनेली विकणारा डीएसके समूह आर्थिक संकटात सापडला आणि 2018 मध्ये बेनेलीने हैदराबादच्या महावीर समूहाशी नवा करार केला. शोरूम बंद पडल्या तेव्हा आधीच्या मालकांसमोर सुटे भाग मिळवण्याचा प्रश्न उभा राहिला. मोठ्या कंपनीच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचा भाग तालुक्याच्या दुकानात मिळतो, पण थोड्याच संख्येने विकलेल्या गाडीसाठी विक्रेत्याला साठा ठेवणे परवडत नाही.

तरीही टीएनटी आर ही तिच्या काळातल्या सर्वांत वेगळ्या नेकेड मोटारसायकलींपैकी एक आहे आणि ती जपली गेली पाहिजे. जुनी गाडी घेणाऱ्याने आधी सर्व्हिसचे कागद तपासावेत, रेडिएटरचे दोन्ही पंखे चालू आहेत का ते पाहावे आणि इंजिनाचे भाग कोण पुरवणार याची खात्री झाल्यावरच पैसे द्यावेत.