घोरपडीचा आहार व शेतकऱ्याचें हित

बांधावर घोरपड दिसली कीं कित्येक काठी उचलतात; कोणी ती धरून घरीं बांधतात व मांसाचे तुकडे खाऊं घालतात. दोहोंतही शेतकऱ्याचेंच नुकसान आहे, असें आमचें मत आहे.

घोरपड मांसाहारी खरी. परंतु तिच्या आहाराचा मोठा भाग भुंगेरे, त्यांच्या अळ्या, नाकतोडे इत्यादि किड्यांचा असतो. शिवाय गोगलगाई, खेकडे, विंचू, बेडूक, उंदीर, पक्ष्यांचीं अंडीं व मेलेलीं जनावरेंही ती खाते. दुभंगलेल्या जिभेनें वास घेत ती दिवसां हिंडते आणि नखांनीं जमीन उकरून भक्ष्य काढते. हुमणी म्हणजे तरी भुंगेऱ्याची अळीच. तेव्हां जे आपले शत्रू, तेंच तिचें अन्न. असा मिश्र आहार घरीं पुरविणें कठीण. हाडांवांचूनच्या नुसत्या मांसावर ठेवल्यास तिला चुना कमी पडून तिचीं हाडें मऊ होतात.

कोंबड्यांचीं अंडीं व पिल्लें ती नेते, ही तक्रार खोटी नाहीं. त्यास उपाय म्हणजे खुराड्याला पक्का पाया व बारीक जाळी करावी, आणि अंडीं रोज उचलावीं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें घोरपड पहिल्या अनुसूचींत आहे. तिला मारणाऱ्यास वा धरून ठेवणाऱ्यास तीन ते सात वर्षें कैदेची शिक्षा आहे. ती जखमी सांपडल्यास वनखात्यास कळवावें. एरवीं बांधावरील वारुळें व झुडपें राखावीं. वारुळांत ती अंडीं घालते. तिचें योग्य अन्न आपल्या शेतांतच आहे. तें तिचें तिला खाऊं द्यावें.