परोपकाराचे उड्डाण आणि त्याचा हिशेब

भंडारा : गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळापासून नागपूरपर्यंत नकाशावर सरळ रेषा ओढली, तर ती भंडारा जिल्ह्यावरून जाते. भंडारा जिल्ह्याला स्वतःचा प्रवासी विमानतळ नाही. मात्र बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील असून, १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ती भंडारा जिल्ह्यातच मोडत होती. तेथे आता वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. शिकाऊ वैमानिक ज्या प्रकारच्या विमानांवर हात बसवतात, त्याच जातीच्या छोट्या, एका इंजिनाच्या विमानांतून जगाच्या पाठीवर काहींनी महासागर ओलांडले आहेत, आणि त्यांतील अनेकांनी हे धाडस कोणत्या तरी सत्कार्यासाठी निधी उभारण्याच्या हेतूने केले आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलसारख्या आजाराने ग्रासलेली असंख्य कुटुंबे आहेत. उद्या येथील एखाद्या तरुण वैमानिकाने त्यांच्यासाठी असे उड्डाण करायचे ठरविले, तर त्याला नेमके काय करावे लागेल? विमान उडवणे हा त्यातला तुलनेने सोपा भाग ठरण्याची शक्यता आहे.

मराठी वाचकांना यातले जवळचे उदाहरण मुंबईच्या आरोही पंडित हिचे. पतियाळाहून ३० जुलै २०१८ रोजी एका सहवैमानिक तरुणीसह तिची मोहीम सुरू झाली. विमानाचे नाव ‘माही’. स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कंपनीने बनविलेले, ‘सायनस’ प्रकारचे हे दोन आसनी यंत्र ‘लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट’ या वर्गात मोडते. पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान आणि युरोप असा प्रवास करून ते ब्रिटनला पोहोचले. पुढचा अटलांटिकचा टप्पा आरोहीने एकटीने पार केला. स्कॉटलंडमधील विकहून आइसलंड आणि ग्रीनलंडमार्गे सुमारे तीन हजार किलोमीटर उडून मे २०१९ मध्ये ती कॅनडातील इकालुइट येथे उतरली, तेव्हा या वर्गातील विमानातून अटलांटिक एकटीने ओलांडणारी ती जगातील पहिली महिला ठरली. त्या वेळी तिचे वय होते अवघे २३. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलास्काहून रशियातील अनादिरपर्यंत जाऊन तिने बेरिंगची सामुद्रधुनीही ओलांडली. ही मोहीम ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ या कार्यक्रमाशी जोडलेली होती.

पतियाळा सोडल्यापासून अटलांटिक पार होईपर्यंत साडेनऊ महिने लागले, ही बाब सहज नजरेतून सुटते. अशा मोहिमांमध्ये प्रत्यक्ष हवेत घालवलेले तास थोडे असतात. उरलेला काळ जमिनीवर परवाना, सुटा भाग किंवा स्वच्छ आकाश यांपैकी कशाची तरी वाट पाहण्यात जातो.

पेट्रोलपंपावरचे इंधन

‘माही’सारख्या विमानात बसणारे रोटॅक्स ९१२ हे इंजिन ८० अश्वशक्तीचे आहे, म्हणजे एखाद्या मोटारीच्या इंजिनाएवढेच. त्याला मोटारीचे शिसेविरहित पेट्रोल चालते. ताशी साधारण १७ लिटर इंधन आणि ताशी २०० किलोमीटर वेग धरला, तर ४० हजार किलोमीटरच्या प्रवासाला २०० तास आणि ३,४०० लिटर पेट्रोल लागेल. लिटरला ११० रुपये दराने ही रक्कम पावणेचार लाखांच्या आसपास जाते. परदेशात आणि विशेषतः उत्तर ध्रुवाकडच्या दुर्गम धावपट्ट्यांवर इंधन महाग मिळते, म्हणून दर दुप्पट धरला तरी खर्च साडेसात लाखांच्या आत राहतो. पृथ्वीप्रदक्षिणेच्या मानाने हा आकडा आश्चर्य वाटावे इतका लहान आहे. (आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या विक्रमपुस्तकात ‘प्रदक्षिणा’ मानली जाण्यासाठी किमान ३६,७८७ किलोमीटर अंतर कापावे लागते. ही कर्कवृत्ताची लांबी होय.)

थोड्या मोठ्या, चार आसनी विमानांना मात्र ‘एव्हगॅस’ हे खास विमान-पेट्रोल लागते. मोठ्या प्रवासी विमानांचे इंधन केरोसीनच्या जातीचे असते, त्यामुळे मोठ्या विमानतळावर हजारो लिटर इंधन असूनही छोट्या विमानाची टाकी रिकामी राहू शकते. भारतात एव्हगॅस दीर्घकाळ आयात होत होते. इंडियन ऑइलने बडोद्यात तयार केलेले देशी एव्हगॅस २०२२ मध्ये बाजारात आले.

खरा खर्च इंधनाबाहेर आहे. विमान विकत किंवा भाड्याने घेणे, त्याचा विमा, प्रत्येक विमानतळावरील उतरण्याचे व थांबण्याचे शुल्क, स्थानिक ग्राउंड हँडलिंग कंपन्यांची देयके, इंजिनाची ठरावीक तासांनी होणारी तपासणी, व्हिसा, मुक्काम. समुद्रावरून जायचे असेल तर जादा इंधनटाकी, पाण्यात तग धरण्यासाठी जलरोधक पोशाख, फुगवता येणारा तराफा आणि उपग्रहाद्वारे ठिकाण कळवणारे संकटसूचक यंत्र. उत्तर अटलांटिकच्या पाण्यात साध्या कपड्यांतला माणूस काही मिनिटांतच हातपाय हलवण्याची शक्ती गमावतो. त्यामुळे या यादीत काटकसरीला वाव नाही.

समोरचा वारा

आपल्याकडे मोटारीने निघालेला माणूस इंधनाची चिंता करतो ती पुढच्या पंपापुरती. समुद्रावर पंप नसतो. समजा, दोन बेटांमध्ये १,५०० किलोमीटर अंतर आहे. वारा शांत असेल तर ताशी २०० किलोमीटरने हे अंतर साडेसात तासांत संपते. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा आला, की जमिनीच्या संदर्भात वेग १६० वर येतो आणि तोच प्रवास नऊ तास बावीस मिनिटांचा होतो. जवळजवळ दोन तास अधिक, आणि ३२ लिटर पेट्रोल अधिक. म्हणूनच प्रत्येक टप्प्यात एक परतीचा बिंदू आधी आखून ठेवला जातो. तो ओलांडल्यावर मागे फिरण्याइतके इंधन उरत नाही. त्या बिंदूपाशी वाऱ्याचा अंदाज चुकल्याचे दिसले, तर मागे फिरणे हाच शहाणपणा. निधी देणारे लोक तुमच्या प्रगतीचा नकाशा रोज पाहत असताना तो निर्णय घेणे किती कठीण जात असेल, याची कल्पना करता येते.

बेल्जियन-ब्रिटिश तरुणी झारा रदरफोर्ड हिला या प्रतीक्षेचा पुरेपूर अनुभव आला. वयाच्या १९व्या वर्षी, १८ ऑगस्ट २०२१ रोजी ती ‘शार्क’ या छोट्या विमानातून एकटी निघाली. मुलींना संगणक आणि विमानोड्डाणाकडे वळविणाऱ्या दोन संस्थांना तिने या उड्डाणातून पाठबळ दिले. तीन महिन्यांचा बेत होता. अलास्कातील नोम आणि रशियातील आयान येथे व्हिसा व हवामान यांमुळे ती कित्येक आठवडे अडकून पडली आणि २० जानेवारी २०२२ रोजी, १५५ दिवसांनी घरी परतली. त्याच वर्षी तिचा धाकटा भाऊ मॅक निघाला, तोवर युक्रेन युद्धामुळे रशियाची वाट बंद झाली होती. त्याला जपानहून थेट अलास्काच्या टोकावरील अट्टू या निर्जन बेटापर्यंत दहा तास उडावे लागले. आकाशातील रस्ते राजकारणाने कसे बदलतात, हे एका घरातील दोन मुलांच्या मार्गांवरून समजते.

बक्षिसाकडून देणगीकडे

हलक्या विमानाने लांब पल्ला गाठण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. देणगीचा भाग मात्र नवा. १९३० साली आगाखान यांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ५०० पौंडांचे पारितोषिक ठेवले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून लंडनच्या दिशेने निघाले, तर अस्पी इंजिनिअर लंडनहून कराचीकडे. इजिप्तमध्ये अबुकीर येथे इंजिनिअर स्पार्क प्लगअभावी खोळंबले होते. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्यांना देऊन टाकला आणि पुढे पारितोषिक इंजिनिअर यांनाच मिळाले. हेच अस्पी इंजिनिअर नंतर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. विजयपत सिंघानिया यांनी १९८८ मध्ये मायक्रोलाइट विमानातून लंडनहून भारतापर्यंत २३ दिवसांत केलेला प्रवास किंवा हवाई दलाच्या दोन अधिकाऱ्यांनी २००७ मध्ये ७९ दिवसांत पूर्ण केलेली जगप्रदक्षिणा ही याच धाडसाची पुढची पावले. त्यांत विक्रम हा हेतू होता. परोपकारासाठी उडणाऱ्याची जबाबदारी वेगळी आहे, कारण त्याच्या पाठीशी इतरांचा पैसा असतो.

म्हणूनच पहिला प्रश्न असा : उड्डाणाचा खर्च कोण करणार? समजा, खर्च ४० लाख रुपये आहे आणि लोकांनी ‘प्रत्येक किलोमीटरमागे एक रुपया’ अशी देणगी कबूल केली आहे. ४० हजार किलोमीटर पूर्ण झाल्यावर एका दात्याकडून ४० हजार रुपये येतील. असे १०० दाते मिळाले तरी जमा आणि खर्च यांची केवळ तोंडमिळवणी होईल. रुग्णालयातील मुलाच्या वाट्याला एक रुपयाही येणार नाही. त्यामुळे उड्डाणाचा सारा खर्च प्रायोजकाने किंवा वैमानिकाने स्वतः उचलावा आणि जनतेचा पैसा थेट संस्थेच्या खात्यात जावा, ही पद्धत सर्वांत स्वच्छ. जिथे दोन्ही रकमा एकाच खात्यात मिसळतात, तिथे दात्याने हात आखडता घेतलेला बरा.

कायदाही काही गोष्टी ठरवून देतो. महाराष्ट्रात नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला किंवा गटाला धर्मादाय कामासाठी वर्गणी जमवायची असल्यास सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळांना ही परवानगी चांगलीच परिचित आहे. विमान घेऊन निघालेल्याला ती ठाऊक असतेच असे नाही. परदेशी पैशाचा मामला याहून कडक आहे. विदेशी अंशदान (विनियमन) कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच परदेशी देणगी स्वीकारता येते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विशिष्ट खात्यातच जमा व्हावी लागते. म्हणजे आइसलंडच्या विमानतळावर कौतुकाने एखाद्याने पुढे केलेली नोट वैमानिकाने खिशात घालून भंडाऱ्याच्या संस्थेला आणून देणे कायद्यात बसत नाही.

आणखी एक सापळा परवान्याचा. खासगी वैमानिकाचा परवाना भारतात किमान ४० तासांच्या उड्डाणानंतर मिळू शकतो, पण त्यावर मोबदला घेऊन उड्डाण करता येत नाही. ‘पाच हजार रुपये देणगी द्या, तुम्हाला आकाशातून वैनगंगा दाखवतो’ अशी योजना कितीही सद्हेतूची असली, तरी ती भाड्याची सेवा मानली जाऊ शकते. त्यासाठी व्यावसायिक परवाना, म्हणजे किमान २०० तासांचा अनुभव, आणि शिवाय भाड्याने प्रवासी नेण्याची स्वतंत्र परवानगी हवी.

जिवाचा हिशेब

या उड्डाणांतील धोका भाषणापुरता नसतो. अमेरिकेत राहणारे पाकिस्तानी वंशाचे बाबर सुलेमान आणि त्यांचा १७ वर्षांचा मुलगा हॅरिस २०१४ मध्ये एका इंजिनाच्या विमानातून तीस दिवसांत जगप्रदक्षिणा करायला निघाले होते. पाकिस्तानात गरीब मुलांच्या शाळा चालविणाऱ्या ‘द सिटिझन्स फाउंडेशन’साठी दहा लाख डॉलर उभे करायचे होते. प्रवासाचा शेवट दृष्टिपथात असताना २२ जुलै रोजी अमेरिकन सामोआतील पागो पागोहून हवाईकडे उड्डाण केल्यानंतर थोड्याच वेळात विमान समुद्रात कोसळले आणि दोघांचाही अंत झाला. तीस दिवसांची मर्यादा त्यांनी स्वतःच घातली होती. अपघाताचे कारण काहीही असो, मुदत जाहीर करून उडणाऱ्याचे विश्रांतीचे आणि थांबण्याचे स्वातंत्र्य कमी होते, हे नाकारता येत नाही.

महासागरच लागतो असेही नाही. बिरसीहून निघालेले एक प्रशिक्षण विमान १८ मार्च २०२३ रोजी शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ भागात कोसळले. त्यात प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी तरुणी अशा दोघांचा मृत्यू झाला. इंजिन बंद पडल्यास छोटे विमान काही किलोमीटर तरंगत जाऊन मोकळ्या शेतात उतरू शकते, असे शिकवले जाते व ते खरेही आहे. पण त्यासाठी खाली शेत असावे लागते, आणि भंडाऱ्यासारख्या धानाच्या पट्ट्यात पावसाळ्यात ते चिखल-पाण्याने भरलेले असते.

कधी जीव वाचतो आणि मोहीम अडकते. मुलांच्या कर्करोगावरील संशोधनासाठी दहा लाख डॉलर जमविण्याच्या उद्देशाने सातही खंडांना भेट द्यायला निघालेला अमेरिकन तरुण एथन गुओ जून २०२५ मध्ये अंटार्क्टिकातील किंग जॉर्ज बेटावर उतरला. त्याने दिलेल्या उड्डाण आराखड्यात फक्त पुंता अरेनास शहरावरील फेरी नमूद होती, असा चिलीच्या अधिकाऱ्यांचा आरोप होता. हवेत आलेल्या अडचणींमुळे मार्ग बदलावा लागला, असा बचाव त्याच्या वकिलांनी मांडला. ऐन हिवाळ्यात अनेक आठवडे तो तेथील तळावर अडकून राहिला. अखेर ऑगस्टमध्ये आरोप मागे घेण्यात आले ते दोन अटींवर : तीन वर्षे चिलीत पाऊल ठेवायचे नाही, आणि बालकर्करोगासाठी काम करणाऱ्या संस्थेला ३० हजार डॉलर द्यायचे. ज्या कामासाठी तो लोकांकडे हात पसरत निघाला होता, त्याच कामासाठी न्यायालयाने त्याच्याच खिशातून रक्कम काढली.

अर्ध्यावर थांबलेल्या मोहिमेतील देणग्यांचे काय करायचे, हे म्हणूनच पहिल्या दिवशी लिहून जाहीर करावे लागते. ‘प्रत्येक किलोमीटरमागे’ देणगी कबूल केली असेल, तर पाच हजार किलोमीटरवर मागे फिरलेल्या वैमानिकामागे पाच हजार रुपयेच उभे राहतात, आणि जिवावर उदार होऊन पुढे जाण्याचा मोह वाढतो. एकरकमी देणगी उड्डाण सुरू होण्यापूर्वीच संस्थेच्या खात्यात पोहोचलेली असेल, तर विमान बिरसीच्या धावपट्टीवरून हललेच नाही, तरी पैसा रुग्णापर्यंत जातो.