जीप म्हणजे डिझेलच का?

आपल्या गोंदिया जिल्ह्यात फोर-बाय-फोर गाडीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. पहिलं, "जीप घ्यायची तर डिझेलच." दुसरं, "पेट्रोलवाली परवडत नाही." कारण विचारलं तर उत्तर येतं, "सगळे तसंच म्हणतात." आता "सगळे म्हणतात" हे उत्तर आपल्या व्हायवामध्ये चालत नाही, मग बारा-पंधरा लाखांची गाडी घेताना का चालावं?

मला हा प्रश्न पडायला निमित्त झालं आमच्या घरचं. माझे मोठेबाबा सडक अर्जुनी तालुक्यात धानाची शेती करतात. घरात चार माणसं. पक्का रस्ता सोडला की घरापर्यंत तीन किलोमीटर कच्ची वाट, आणि रोवणीच्या दिवसांत ती वाट म्हणजे जवळजवळ बांधीच! आजीचं वय झालं आहे. रात्री-बेरात्री तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी चिखलात रुतून चालणार नाही, म्हणून फोर-बाय-फोर. पैसे धानाचे, म्हणजे जपून खर्च करायचे. मला फोन आला, "बाबू, तू इंजिनिअरिंगले आहेस ना, मग सांग. डिझेलच घ्या लागन ना?" मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, त्यामुळे 'अश्वशक्ती'पेक्षा 'हॉर्सपॉवर' जवळचा वाटतो. पण मोठेबाबांना समजवायचं तर मराठीतच समजवावं लागणार होतं. तेच इथे मांडतो.

डिझेलचं वेड आलं कुठून?

गंमत म्हणजे आपल्या देशातली पहिली जीप पेट्रोलवरच चालायची. स्वातंत्र्यानंतर लगेच महिंद्राने मुंबईत जोडायला घेतलेल्या विलीस जीपमध्ये पेट्रोल इंजिन होतं. पुढे जीपमध्ये डिझेल इंजिनं आली आणि लोकांनी ती उचलून धरली, कारण डिझेल फार स्वस्त होतं. शेती आणि मालवाहतूक डिझेलवर चालते म्हणून सरकारने त्याचा भाव मुद्दाम खाली ठेवला होता. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या काळात, २०१२ साली, दोन्हींच्या दरातला फरक अनेक शहरांत लिटरला २५ रुपयांच्या वर गेला होता. त्या दिवसांत "डिझेलच घ्या" हा सल्ला अगदी बरोबर होता.

आज तो फरक साधारण निम्म्यावर आला आहे. शिवाय महाराष्ट्रात खासगी पेट्रोल कारवर नोंदणीच्या वेळी किमतीनुसार ११ ते १३ टक्के कर लागतो आणि डिझेलवर १३ ते १५ टक्के. म्हणजे पंधरा लाखांच्या गाडीवर ३० हजार रुपये पंपावर जायच्या आधीच जास्त गेले!

वहीतला हिशेब

हिशेबासाठी पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरू. दीड टनाच्या वरची जड फोर-बाय-फोर घेतली तर आपल्या रस्त्यांवर पेट्रोलला लिटरमागे १० आणि डिझेलला १३ किलोमीटर धरायला हरकत नाही. म्हणजे पेट्रोलचा खर्च किलोमीटरला साडेदहा रुपये, डिझेलचा ७ रुपये १० पैसे. फरक ३ रुपये ४० पैसे. डिझेल जिंकलं! हे लपवण्यात अर्थ नाही.

पण मोठेबाबांची जुनी गाडी आठ वर्षांत ४८ हजार किलोमीटर चालली, म्हणजे वर्षाला सहा हजार. त्या हिशेबाने डिझेल वर्षाला २० हजार ४०० रुपये वाचवेल. कर धरून डिझेल गाडी लाखभर रुपयांनी महाग पडली, तर तो लाख वसूल व्हायला पाच वर्षं लागतील.

आता दुसरी बाजू. गाडीच हलकी घेतली तर? मारुतीची पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये बाजारात आली. वजन साधारण १२०० किलो, दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, लो रेंजसकट खरी फोर-बाय-फोर. तिला १४ चा ॲव्हरेज धरला तर खर्च किलोमीटरला साडेसात रुपये. जड डिझेल गाडीपेक्षा फक्त ४० पैसे जास्त. वर्षाला सहा हजार किलोमीटरवर २४०० रुपये, म्हणजे महिन्याला २००. एवढे तर आपण मेसचं जेवण आवडलं नाही म्हणून बाहेर समोशांवर उडवतो!

म्हणजे "पेट्रोल की डिझेल" या प्रश्नाच्या आधी "वजन किती" हा प्रश्न विचारायला हवा. इंजिन काही हवेत फिरत नाही, ते टन-दोन टन लोखंड ओढत फिरतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून निव्वळ पेट्रोलच्या मानाने मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. त्यामुळे ॲव्हरेजचा आकडा मी हात राखूनच धरला आहे. (हे इथेनॉल उसाबरोबर तुटक्या तांदळापासूनही बनतं. धानाच्या जिल्ह्यातल्या माणसाला तेवढंच समाधान!)

सायलेन्सरमधली गाळणी

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सिक्स नियम लागू झाले. डिझेल कारच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ आला. सोप्या भाषेत, काजळी अडवणारी गाळणी. चहाची गाळणी भरली की आपण झटकतो. ही गाळणी गाडी स्वतःच साफ करते, अडकलेली काजळी जाळून टाकते. त्यासाठी तिथे साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. ते मिळवायला गाडी बरा वेग धरून पंधरा-वीस मिनिटं सलग चालायला हवी.

कोहमाऱ्याहून हायवेने रोज नागपूरला जाणाऱ्याला याची चिंता नाही. पण घरून शेतावर, शेतावरून बाजारात, तिथून परत, असे चार-पाच किलोमीटरचे फेरे असतील तर इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं. काजळी साचत जाते, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. साफसफाई अर्धवट राहिली तर काही इंजिनांत जास्तीचं डिझेल ऑइलमध्येही उतरतं. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करते आणि वर्कशॉप गाठावं लागतं. आजीला न्यायच्या रात्री हे झालं तर? पेट्रोल गाडीत ही कटकट नाही. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला मुद्दा हाच.

चिखलात टॉर्क कमी पडेल का?

हॉस्टेलवर सगळ्यात जास्त वाद यावर झाला. डिझेलचा टॉर्क जास्त आणि कमी आरपीएमला मिळतो, हे पुस्तकातलं वाक्य खरं आहे. पण चिखलात गाडी अडते ती बहुतेक वेळा इंजिन कमी पडल्यामुळे नाही, टायर घसरल्यामुळे.

थोडं गणित करू. जिम्नीत चार माणसं बसली की वजन धरू १५०० किलो. चिखलातला घर्षणगुणांक ०.३ धरला तर चारही चाकं मिळून जमिनीवर जास्तीत जास्त ४४०० न्यूटन बल लावू शकतात. त्याच्यापुढे चाक जागेवरच फिरणार. आता इंजिन बघा. कमाल टॉर्क १३४ न्यूटन-मीटर. लो रेंजमध्ये पहिल्या गिअरला तो चाकापर्यंत साधारण ३६ पट होतो. इंजिन हळू फिरतंय म्हणून टॉर्क कमी धरला, वाटेतले तोटेही वजा केले, तरी चाकाशी दहा हजार न्यूटनच्या आसपास बल मिळतं. चिखल घेऊ शकतो त्याच्या दुपटीहून जास्त! मग डिझेलचा वरचा टॉर्क कन्हार मातीत टायर गरगर फिरवण्यापलीकडे काय करणार? तिथे कामाला येतात चांगले टायर, लो रेंज, हलकं वजन आणि हलका पाय.

पटत नसेल तर आपल्याच नवेगाव-नागझिऱ्यात जाऊन बघा. चोरखमारा गेटमधून सफारीला निघणारी जिप्सी ही पेट्रोल गाडी. १९८५ च्या अखेरीस आलेली जिप्सी २०१९ साली सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली, तोवर मारुतीने ती पेट्रोलमध्येच विकली. सैन्यानेही हीच गाडी वर्षानुवर्षं वापरली. टॉर्कवाचून काम अडलं असतं तर एवढी वर्षं कोणी वापरली असती का?

मोठेबाबांचे दोन प्रश्न

"घरी ट्रॅक्टरचं डिझेल राहतेच ना, तेच टाकून देऊ." मी म्हटलं, मोठेबाबा, तिथेच तर धोका आहे. आजच्या कॉमन रेल इंजिनात इंजेक्टरला दीड-दोन हजार बार दाबाने डिझेल जातं. त्यांची भोकं केसाएवढी बारीक. कॅनमधलं पाणी किंवा कचरा तिथे पोचला तर इंजेक्टर जातात, आणि ते स्वस्त नसतात. जुन्या ट्रॅक्टरने जे पचवलं ते नवी गाडी पचवेलच असं नाही.

"नाल्याला पाणी असलं तर पेट्रोल गाडी बंद पडते म्हणतात." पूर्वी डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी भिजल्या की पेट्रोल गाडी बंद पडायची, हे खरं. आता बहुतेक इंजिनांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र बंदिस्त कॉइल असते. आणि हवेच्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं तर दोन्ही इंजिनं सारखीच मोडतात, कारण पाणी दबत नाही. तेव्हा पुलावरून पाणी वाहत असेल तर पेट्रोल काय नि डिझेल काय, थांबायचंच!

मग डिझेल कोणी घ्यावं?

ज्याचं वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर होतं, ज्याला रोज हायवे आहे, मागे ट्रॉली ओढायची आहे किंवा गाडीत कायम सहा-सात माणसं असतात, त्याने डोळे झाकून डिझेल घ्यावं. जड गाडी वर्षाला वीस हजार किलोमीटर चालली तर वरच्याच हिशेबाने ६८ हजार रुपये वाचतात. दीड वर्षात लाख वसूल, आणि गाळणीही आपोआप साफ.

आमच्याकडे चार माणसं, सहा हजार किलोमीटर, छोटे फेरे आणि ओझं ओढायला ट्रॅक्टर. मोठेबाबांनी वही दोनदा तपासली, एका बेरजेवर वाद घातला आणि शेवटी हलकी पेट्रोल गाडी बुक केली.

तुमच्या घरीही कोणी गाडी घेणार असेल तर शोरूमला जायच्या आधी जुन्या गाडीचं मीटर बघा आणि वर्षाचे किलोमीटर काढा. रोजचा फेरा किती लांबीचा, गाडीत माणसं किती, मागे काही ओढायचं का, आणि जवळचं सर्व्हिस सेंटर किती दूर, हे कागदावर लिहा. मगच इंजिन निवडा. उत्तर पेट्रोल येईल किंवा डिझेल येईल, पण ते तुमच्या घराचं उत्तर असेल. आणि कुणाला वरचं चिखलाचं गणित चुकीचं वाटत असेल तर वही घेऊन माझ्या रूमवर यावं. चहा माझ्याकडून!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल