सुफळ संपूर्ण न होणारी कहाणी

शुक्रवार, दिनांक २२ नोव्हेंबर १९६३. न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारचा दीड वाजून गेला होता. अमेरिकेतल्या लक्षावधी गृहिणी, कोणी इस्त्रीचे कपडे पुढ्यात घेऊन तर कोणी जेवणाची आवराआवर करता करता, सीबीएस कंपनीच्या टेलिव्हिजनवर आपली रोजची मालिका पाहत होत्या. पडद्यावर विशेष असे काहीच घडत नव्हते. नॅन्सी ह्यूज नावाची एक मध्यमवयीन गृहिणी आपल्या सासऱ्यांशी बोलत होती. विषय काय, तर येत्या सणाच्या जेवणाला मुलाने कोणाला बोलावले आहे! एवढ्यात चित्र नाहीसे झाले, एक पाटी झळकली आणि वॉल्टर क्रॉन्काइट या वृत्तनिवेदकाचा नुसता आवाज ऐकू आला. अध्यक्ष केनेडी यांच्यावर डॅलस शहरात गोळ्या झाडण्यात आल्या होत्या.

ही मालिका तेव्हा जशी घडेल तशी थेट दाखवली जात असे. स्टुडिओतल्या नटमंडळींना बाहेर काय झाले याचा पत्ताच नव्हता. ती बिचारी आपले संवाद म्हणतच राहिली. देशाच्या इतिहासातला तो काळा क्षण असंख्य घरांत शिरला तो नॅन्सीबाईंच्या घरगुती गप्पांतून वाट काढीत.

या मालिकेचे नाव 'ॲज द वर्ल्ड टर्न्स'. २ एप्रिल १९५६ रोजी ती सुरू झाली, तेव्हा पहिले वाक्य नॅन्सीच्याच तोंडी होते, आणि तेही नवऱ्याला सकाळचा नमस्कार करण्याचे. ही भूमिका करणाऱ्या हेलन वॅग्नर या नटीची आणि या मालिकेची गोष्ट शेवटी पुन्हा येणार आहे. तोवर या दुपारच्या कहाण्या जन्मल्या कशा, फोफावल्या कशा आणि ओसरल्या कशा, ते पाहू.

साबण आधी, कथा मागाहून

आपल्याकडे श्रावणातल्या कहाण्या घरोघरी वाचल्या जात. त्यांचा एक गुण असा की त्या कितीही लांबल्या तरी अखेर 'सुफळ संपूर्ण' होत. अमेरिकन दुपारच्या कहाणीचे सारे गणित नेमके याच्या उलट! ती संपली की धंदा बुडाला.

हा प्रकार सुरू केला इर्ना फिलिप्स नावाच्या एका माजी शिक्षिकेने. १९३० साली शिकागोच्या नभोवाणी केंद्रावर 'पेंटेड ड्रीम्स' नावाची रोजची कौटुंबिक कथा तिने लिहायला घेतली. दिवसा घरात एकट्या असणाऱ्या बाईला कामाच्या रगाड्यात कानाला सोबत हवी असते, हे तिने ओळखले. आणि ही बाई घरातला साबण विकत घेते, हे कारखानदारांनी ओळखले. १९३३ साली 'मा पर्किन्स' ही मालिका प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या ऑक्सिडॉल या धुण्याच्या पावडरीच्या खर्चाने सुरू झाली. विधवा मा पर्किन्सची भूमिका करणारी व्हर्जिनिया पेन तेव्हा अवघी तेवीस वर्षांची होती. पुढची सत्तावीस वर्षे ती भूमिका तिनेच केली. म्हणजे नटीचे वय हळूहळू भूमिकेच्या वयाकडे चालत गेले. साबणवाल्यांच्या पैशावर चालणाऱ्या या कथांना पत्रकारांनी थट्टेने 'सोप ऑपेरा' म्हटले आणि तेच नाव रूढ झाले.

टेलिव्हिजन आल्यावर नभोवाणीवरच्या या कथा मागे पडल्या. २५ नोव्हेंबर १९६० रोजी सीबीएसने नभोवाणीवरल्या उरलेल्या मालिका एकाच दिवशी बंद केल्या. त्यात 'मा पर्किन्स'ही गेली. इर्नाबाईंची 'गायडिंग लाइट' मात्र आधीच, १९५२ साली, पडद्यावर आली होती. १९३७ साली नभोवाणीवर लागलेला हा दिवा पुढे २००९ सालापर्यंत, म्हणजे बहात्तर वर्षे तेवला.

शंभर घरांचा हिशेब

दुकानदाराला गिऱ्हाईक दिसते. टेलिव्हिजनवाल्याला ते दिसत नाही. ते मोजून आणावे लागते. अमेरिकेत हे मोजमाप १९५० पासून नील्सन कंपनी करीत आली. तिचा हिशेब सोपा आहे. टेलिव्हिजन असलेल्या शंभर घरांपैकी पंधरा घरांत एखादी मालिका लागलेली असेल, तर तिचा आकडा पंधरा. साठीच्या दशकाच्या मध्याला 'ॲज द वर्ल्ड टर्न्स'चा आकडा पंधराच्या घरात होता. भर दुपारी! १९७० च्या वसंत ऋतूत तिन्ही कंपन्या मिळून अशा एकोणीस मालिका चालू होत्या.

जाहिरातीचा दर या आकड्यावर ठरतो. त्यातही वर्षातले काही महिने विशेष मोलाचे. नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि जुलै या चार महिन्यांत गावोगावच्या प्रेक्षकांची बारकाईने मोजणी होत असे. साहजिकच मालिकेतली लग्ने, अपघात, खून, आगी आणि हरवलेल्या नवऱ्यांची पुनरागमने याच महिन्यांत येत. आपल्याकडे मुहूर्त पंचांगात पाहतात. तिकडे ते नील्सनच्या कोष्टकात पाहत!

या मुहूर्ताचा सर्वांत गाजलेला सोहळा १६ आणि १७ नोव्हेंबर १९८१ रोजी झाला. 'जनरल हॉस्पिटल' ही एबीसी कंपनीची मालिका तीनच वर्षांपूर्वी बंद पडायच्या बेतात होती. १९७८ साली ग्लोरिया माँटी ही निर्माती आली. तिने रेंगाळणारे प्रसंग छाटले, नेपथ्य आणि प्रकाशयोजना बदलली, तरुण पात्रांना पुढे आणले. ल्यूक आणि लॉरा यांचे लग्न पाहायला सुमारे तीन कोटी प्रेक्षक बसले. हॉलिवूडची सम्राज्ञी एलिझाबेथ टेलर स्वतः त्या मालिकेची चाहती. तिनेही हौसेने त्यात काम केले. मात्र या यशाला एक डाग होता. ल्यूकने १९७९ साली लॉरावर बलात्कार केल्याचे याच मालिकेत दाखवले होते, आणि पुढे त्याच नात्याला प्रेमकथेचा साज चढवला. त्या प्रसंगाचा जाब मालिकेला १९९८ साली आपल्याच पात्रांच्या तोंडून द्यावा लागला. आकडा चढला म्हणजे सारे माफ, असे मानणाऱ्यांना कथाच कधीतरी खिंडीत गाठते, ती अशी.

दुपार ओस पडली

मग हे वैभव गेले कुठे? पुष्कळांचे म्हणणे, कथा रटाळ झाल्या. कथा कधी रटाळ नव्हत्या हो? खरे कारण कथेत नाही, दुपारीत आहे. १९५० साली अमेरिकेतल्या प्रौढ स्त्रियांपैकी साधारण एक तृतीयांश नोकरी-व्यवसायात होत्या. १९९९ साली हे प्रमाण शेकडा साठवर गेले. म्हणजे दुपारी दोन वाजता घरात टेलिव्हिजन होता, इस्त्री होती, पण ती बाईच घरात नव्हती! ती कचेरीत होती. तिने व्हिडिओ रेकॉर्डर लावून पाहिला, रात्री भाग पाहिले. पण मुलांचा अभ्यास, स्वयंपाक आणि दुसऱ्या दिवसाचा डबा यांतून वेळ काढून रोजचा तास पाहणे किती दिवस जमणार?

त्यात १९९५ साल उजाडले. ओ. जे. सिम्सन या नामांकित खेळाडूवर खुनाचा खटला चालला आणि न्यायालयातले कामकाज महिनोन्‌महिने दुपारच्या पडद्यावर दिसू लागले. रोजच्या मालिका अधूनमधून कापल्या गेल्या, कधी रद्द झाल्या. रोजच्या चहाची वेळ आठ दिवस चुकली की तलफही मरते, तसे झाले. ओहोटी त्याआधीच सुरू झाली होती. पण पुष्कळ प्रेक्षक त्या वर्षी जे उठले, ते परत बसले नाहीत. केबलवर शेकडो वाहिन्या आल्याच होत्या. १९९० साली बारा मालिका उरल्या होत्या. २०१२ च्या प्रारंभानंतर उरल्या चार.

नव्या पाहुण्यासाठी जुन्याला उठवले

धंदा बसू लागला की मालक नाना उपाय करतो. एनबीसी कंपनीने १९९९ च्या जूनमध्ये 'अनदर वर्ल्ड' ही पस्तीस वर्षांची मालिका बंद केली आणि तिच्या जागी तरुण मुलींसाठी 'पॅशन्स' आणली. तीत चेटकीण होती आणि सजीव झालेला बाहुलाही होता! तरुण मुली काही काळ आल्याही. परंतु आठ वर्षांत तीही एनबीसीवरून गेली. 'गायडिंग लाइट'ने २००८ साली काटकसर म्हणून हातात धरायचे छोटे कॅमेरे घेतले आणि न्यू जर्सीतल्या पीपॅक या गावात उघड्यावर चित्रण सुरू केले. चित्र हलू लागले, ओळखीची घरे ओळखू येईनात. अखेरच्या काळात तिला वीस लाखांच्या आसपास प्रेक्षक उरले होते आणि १८ सप्टेंबर २००९ रोजी तिने निरोप घेतला.

एबीसीने १४ एप्रिल २०११ रोजी 'ऑल माय चिल्ड्रेन' आणि 'वन लाइफ टु लिव्ह' या दोन्ही मालिका बंद करण्याचे जाहीर केले. दोन्ही कथा इर्नाबाईंची शिष्या ॲग्नेस निक्सन हिच्या लेखणीतून उतरलेल्या. त्यांच्या जागी स्वयंपाकाचा आणि आरोग्य-सौंदर्याचा असे दोन स्वस्त गप्पांचे कार्यक्रम आले. त्यातला दुसरा सहा-सात महिन्यांत गुंडाळावा लागला! स्वस्त वस्तू घेतली म्हणून ती खपतेच असे नाही.

या साऱ्या उलाढालीत एक हिशेब मात्र मनाला बोचतो. जाहिरातदारांना प्रेक्षक हवा असतो तो विशिष्ट वयाचा. दुपारच्या मालिकांसाठी मुख्य कसोटी ठरली अठरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांची. आता पाहा. एखादी मुलगी कॉलेजात असताना आईच्या शेजारी बसून मालिका पाहू लागते. लग्न होते, मुले होतात, ती मालिका सोडत नाही. तीस वर्षे इमाने इतबारे पाहते. आणि पन्नासावे वर्ष लागले की त्या कसोटीच्या रकान्यातून तिचे नाव गळते! तिचा संच चालू असतो, ती साबणही घेते, पण तिच्या पाहण्याचे मोल उतरते. जितकी निष्ठा अधिक, तितकी किंमत कमी, असा हा उलटा बाजार. ज्या गिऱ्हाइकाने दुकान पोसले, त्यालाच फळीवरून उठवून रस्त्यावरच्या तरुणीला हाका मारायच्या. आणि ती तरुणी तर कचेरीच्या गडबडीत निघालेली!

टिकले ते कशाने?

'द यंग अँड द रेस्टलेस' ही विल्यम बेल आणि ली फिलिप बेल या दांपत्याची मालिका १९७३ साली सुरू झाली आणि १९८८ पासून दुपारच्या आकड्यांत पहिल्या क्रमांकावर आली. ते स्थान तिने पुढे दशकानुदशके राखले. तिने जुनी माणसे जपली. जीन कूपर या नटीने कॅथरीन चॅन्सेलरची भूमिका जवळजवळ चाळीस वर्षे, २०१३ साली मृत्यू येईपर्यंत केली. १९८४ साली या बाईंनी चेहऱ्यावरील सुरकुत्या काढण्याची खरी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा तिचेच चित्रण मालिकेत कॅथरीनची शस्त्रक्रिया म्हणून दाखवले! म्हातारपण लपवण्याऐवजी तेच कथेत आणले. अर्थात तिचाही प्रेक्षक पूर्वीच्या मानाने फारच थोडा उरला आहे. घसरण कोणालाच चुकलेली नाही. पण गळती सावकाश झाली, हेही काही थोडे नाही.

'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'ने दुसरी वाट धरली. सत्तावन्न वर्षे एनबीसीवर राहून १२ सप्टेंबर २०२२ पासून ती पीकॉक या इंटरनेटवरच्या सेवेवर गेली. आता ती वाटेल तेव्हा पाहता येते. सोय झाली खरी. परंतु 'वाटेल तेव्हा' आणि 'रोज दोन वाजता' यांत फरक आहे. पहिली वस्तू असते, दुसरी भेट असते.

आपल्याकडेही नव्वदीच्या दशकात स्टार प्लसवर 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' आली, आणि १९९४ साली दूरदर्शनवर 'शांती' ही रोजची दुपारची मालिका सुरू झाली, हे पुष्कळ वाचक-भगिनींना आठवत असेल. पुढे आपल्या रोजच्या मालिकांनी मुख्य बैठक संध्याकाळी मांडली, सारे घर परतल्यावर. अमेरिकेतली कहाणी मात्र दुपारीच बसून राहिली, आणि श्रोता उठून गेला.

आता नॅन्सीबाईंकडे वळू. हेलन वॅग्नर १९५६ साली पहिले वाक्य बोलली तेव्हा तिची चाळिशीही उलटली नव्हती. मधली थोडी खंडित वर्षे सोडता ती तीच भूमिका करीत राहिली. १ मे २०१० रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, तिचा मृत्यू झाला. मालिका बंद होणार हे तेव्हा ठरलेलेच होते. १७ सप्टेंबर २०१० रोजी शेवटचा भाग झाला. त्यात १९६० पासून नॅन्सीच्या मुलाचे, डॉक्टर बॉब ह्यूजचे काम करणारे डॉन हेस्टिंग्ज आपल्या खोलीचा निरोप घेतात आणि 'शुभ रात्री' म्हणतात. आईने सकाळचा नमस्कार करून उघडलेला दिवस मुलाने चोपन्न वर्षांनी मिटला.

त्या दोनच्या वेळेवर गप्पांचा एक कार्यक्रम आला. चौदा वर्षे चालून २०२४ च्या डिसेंबरात तोही संपला. आणि २४ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याच सीबीएसवर, त्याच वेळेला, 'बियाँड द गेट्स' ही सुखवस्तू कृष्णवर्णीय कुटुंबाची नवी मालिका सुरू झाली. पंचवीस वर्षांत तिथल्या मोठ्या वाहिन्यांवर सुरू झालेली ही पहिलीच नवी दुपारची मालिका. आणि तिच्या पाठीशी पुन्हा तेच साबणवाले, प्रॉक्टर अँड गॅम्बल!

तिचे पुढे काय होईल ते होवो. दुपारी दोन वाजता कोणाच्या तरी घरात कपड्यांच्या घड्या घालता घालता एखादी आजी तो पडदा लावते आहे. तिचे वय रकान्यात बसत नसेल. पण रोजच्या वेळेला येऊन बसणारे माणूस तीच आहे.